जुन्या मोटरहोमची मोडकी स्मॉग यंत्रणा: लेबलपासून रेफरीपर्यंत

आमच्या मोटरहोमचं इंजिन पुढे बॉनेटखाली नाही. ड्रायव्हरची आणि शेजारची सीट यांच्या मधोमध गालिचा चिकटवलेलं एक मोठं झाकण आहे, त्याखाली ते बसलंय. इथले लोक त्या झाकणाला डॉगहाऊस म्हणतात. त्याच्या मागे चार पावलांवर सोफा. प्रवासात मुलं तिथे पट्टे लावून बसतात, रात्री तिथेच झोपतात. त्यामुळे या गाडीचा चेक व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा वायू उलटा येऊ न देणारी झडप) फुटला किंवा पेट्रोलच्या वाफा धरणारा डबा तडकला की मला आधी घरातली हवा आठवते, स्मॉगचं, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीचं, सर्टिफिकेट नंतर. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

गाडी १९७८ची आहे. शेव्हरलेची पी-३० चासी, ४५४ घन इंचांचं म्हणजे ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांनी अशाच जुन्या गाड्या घेतल्या आणि दोघांचेही फोन स्मॉग चेकवरूनच आले, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहितेय. तुमच्याकडे डॉजचं ४४० किंवा फोर्डचं ४६० इंजिन असेल तर भागांच्या जागा आणि नावं थोडी बदलतील, तपासण्याचा क्रम बदलणार नाही.

काढून टाकायचा सल्ला ऐकू नका

हा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल: धूर स्वच्छ करणारा एअर पंप काढा, भोकं बुजवा, गाडी मोकळी होईल. मला तो एका गॅरेजमध्ये अगदी आपुलकीने दिला गेला होता. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली अशी यंत्रणा काढणं किंवा बंद पाडणं बेकायदा आहे, हा झाला एक भाग. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक नाही. १९७६पासून पुढच्या पेट्रोल गाड्यांना तो दर दोन वर्षांनी आणि बहुतेक वेळा मालक बदलताना लागतो. महाराष्ट्रात पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात, आकडे येतात, कागद हातात मिळतो. इथे तंत्रज्ञ आकड्यांबरोबर प्रत्येक भाग जागेवर आहे का, जोडलेला आहे का, हेही डोळ्यांनी पाहतो. धूर स्वच्छ असूनही एक नळी लोंबत असेल तर गाडी नापास.

दुसरा भाग इंजिनाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ईजीआर म्हणजे जळून झालेला थोडा वायू मोजून परत इंजिनात सोडणं. त्याने सिलिंडरमधलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी होतात. कारखान्याने टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि कार्ब्युरेटरची मापं हा वायू धरूनच ठरवली आहेत. तो बंद केलात की काही टनांचं घर घेऊन लॉस एंजेलिसच्या उत्तरेचा ग्रेपवाइनचा लांब चढ चढताना इंजिन आतून खडखडायला लागेल, आणि ती नॉकिंग पिस्टन खाते. एअर पंप काढून वाचणारी ताकद मात्र एवढ्या मोठ्या इंजिनात जाणवतही नाही.

आधी लेबल

पाना हातात घ्यायच्या आधी टॉर्च घ्या आणि इंजिनावरचं प्रदूषण नियंत्रणाचं लेबल शोधा. व्हॉल्व्ह कव्हर, एअर क्लीनरचं झाकण, रेडिएटरचा आधार, डॉगहाऊसची आतली बाजू, या सगळ्या जागा बघा. तेलाच्या थराखाली असेल तर साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावला तर अक्षरं निघून जातात. या कागदावर इंजिनाचा आकार, मॉडेल वर्ष, टायमिंग, आयडल स्पीड (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग), बसवलेल्या यंत्रणांची नावं आणि बऱ्याचदा व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ भागांपर्यंत नेणाऱ्या, नळ्यांचा नकाशा असतो. तुमच्या गाडीवर काय असायला हवं, याचं पहिलं उत्तर इथे मिळतं. आमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) मुळातच नाही. त्या काळच्या बऱ्याच जड गाड्यांना नव्हता. हे लेबलवरून कळलं नसतं तर आम्ही ‘हरवलेला’ कन्व्हर्टर शोधत बसलो असतो.

मोटरहोममध्ये एक गुंता असतो. चासी एका कंपनीची, वरचं घर दुसऱ्या कंपनीने बांधलेलं. चासीचं वर्ष आणि कागदावरचं वर्ष यांत एखाद्या वर्षाचा फरक निघू शकतो. सुटे भाग मागवताना चासीचं वर्ष आणि लेबल प्रमाण माना. लेबल फाटलं असेल तर त्या वर्षाच्या ट्रक चासीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, त्यात नकाशे असतात.

मग फोटो. वरून, दोन्ही बाजूंनी, गाडीखालून. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपची चिठ्ठी लावून क्रमांक लिहा. मी पहिल्या दिवशी फक्त हेच केलं. त्या एका दिवसाने पुढचे कितीतरी दिवस वाचवले.

दुरुस्तीआधी सुरक्षितता

गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह टाकीपाशीच बंद करा. फ्रिज आणि गिझरची पायलटची ज्योत चालू असताना पेट्रोलच्या नळ्यांना हात लावायचा नाही. गाडी उघड्यावर उभी करा, चाकांना ओंडके लावा. शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का बघा. त्याच्या मागे मुदतीची तारीख छापलेली असते. आमचा कधीच संपला होता, आधीच्या मालकाने नुसता भिंतीवर ठेवला होता. नवा अलार्म हा या सगळ्या कामातला सर्वांत पहिला खर्च असू द्या.

आता थंड इंजिन चालू करा, डॉगहाऊस उघडा आणि कान द्या. टिक-टिक-टिक असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर कमी झाला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करणाऱ्या लोखंडी भागाचं) गॅस्केट गळतंय किंवा बोल्ट तुटलाय. मोटरहोममधल्या ४५४ इंजिनांचे हे बोल्ट तुटतातच, कारण झाकणाखाली उष्णता कोंडते. काजळीची काळी रेघ दिसली की जागा सापडली. हे काम सगळ्यांत आधी करून घ्या, कारण तो वायू झाकणाच्या कडेने थेट घरात येतो. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी कडक झाली असेल तर तीही बदला.

व्हॅक्यूमच्या नळ्या

इतक्या वर्षांची रबरी नळी वाकवली की वाळक्या काडीसारखी मोडते. एकूण बिघाडांपैकी बरेच इथेच संपतात, आणि हे सगळ्यांत स्वस्त काम आहे. जुनी नळी काढा, त्याच लांबीची आणि त्याच आतल्या मापाची नवी कापा, लावा, मग पुढची. एका वेळी एकच. सगळ्या एकदम उपटल्या तर फोटो असूनही घोळ होतो. पेट्रोलच्या वाफा वाहणाऱ्या नळ्यांसाठी मात्र पेट्रोलला टिकणारी, तसं छापलेली नळीच घ्या. साधी व्हॅक्यूमची नळी तिथे वर्षभरात फुगते.

यासोबत एक हातपंप घ्या, व्हॅक्यूम गेजवाला. एअर क्लीनरच्या झडपेची मोटर, डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगीची वेळ पुढे आणणारा) अ‍ॅडव्हान्स, ईजीआर, सगळं त्यानेच तपासता येतं.

एअर पंप आणि त्याची माणसं

शेव्हरले याला एअर इंजेक्शन रिअ‍ॅक्टर म्हणते. पट्ट्यावर फिरणारा पंप ताजी हवा एक्झॉस्ट पोर्टजवळ सोडतो. तिथे अजून तापलेलं अर्धवट जळालेलं पेट्रोल त्या हवेत जळून जातं. बाकीच्यांना मी पंपाची माणसं म्हणते: डायव्हर्टर व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूला एक चेक व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डमध्ये जाणाऱ्या लोखंडी नळ्या.

पंप मेला की लोक पंप बदलतात. आम्हीही तेच केलं. एका गॅरेजने नवा बसवून दिला आणि थोड्याच महिन्यांत तोही करकरायला लागला. शेवटी मी उजव्या बाजूचा जाड होज काढला. आतून रबर डांबरासारखं वितळून घट्ट झालं होतं, बोट लावलं तर काळा लगदा आला. इंजिन चालू करून उघड्या चेक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर तळहात धरला, तर गरम फुंकरी हातावर बसत होत्या, इंजिनाच्या ठोक्याबरोबर एकेक. चेक व्हॉल्व्हचं काम हवा एकाच दिशेने जाऊ देण्याचं. तो उघडा अडकला होता, एक्झॉस्टचा तापलेला वायू उलटा येऊन होज, डायव्हर्टर आणि नवा पंप भाजत होता. म्हणजे गुन्हेगार पहिल्यापासून तो छोटा व्हॉल्व्ह होता आणि शिक्षा दोन पंपांनी भोगली.

म्हणून तपासायची सुरुवात मॅनिफोल्डकडून करा. गाडी थंड असताना चेक व्हॉल्व्हवरचे होज काढा. व्हॉल्व्ह काढता आला तर फुंकून बघा: मॅनिफोल्डच्या दिशेने हवा गेली पाहिजे, उलट दिशेने जाता कामा नये. शंका असेल तर दोन्ही बदला.

पुढे डायव्हर्टर. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की क्षणभर हवा-पेट्रोलचं मिश्रण फार दाट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. त्या वेळी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा गेली तर सायलेन्सरमध्ये धडाका होतो. डायव्हर्टर तेवढ्यापुरती हवा बाहेर सोडतो. तुमची गाडी उतारावर फट्‌फट् वाजत असेल तर आधी याच्याकडे बघा. इंजिन गरम करा. आयडलवर त्याच्या तोंडातून हवा येता कामा नये. मग थ्रॉटल झटकन उघडून सोडा. निदान सेकंदभर हवेचा झोत बाहेर आला पाहिजे. आला नाही तर त्याला येणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढून अंगठा लावा, ओढ लागते का बघा. ओढ लागत असूनही झोत नसेल तर व्हॉल्व्ह गेला.

पंप शेवटी. बाहेर जाणारा होज काढून इंजिन रेस करा, हवा वाढत गेली तर पंप जिवंत आहे. थोडी चिवचिव चालते. त्यात तेल घालू नका, आतल्या पात्यांना ते सोसत नाही. पट्टा ताणताना पंपाच्या अंगाला पहार लावू नका, अ‍ॅल्युमिनियमचं आवरण तडकतं. पुलीमागचा प्लास्टिकचा पंखा हाच त्याचा फिल्टर आहे. तो तुटला असेल तर धूळ सरळ आत जाते.

सगळ्यांत चिवट काम लोखंडी नळ्यांचं. नट मॅनिफोल्डशी गंजून एकजीव झालेले असतात. सलग तीन संध्याकाळी गंजात झिरपणारं भेदक तेल मारा. फ्लेअर नटचा खास पाना घ्या, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. सोडवण्याआधी नट अगदी किंचित आवळून बघा. एकदा गंज तुटल्याचा बारीक ‘कट्’ आवाज आला की मग उलट फिरवा. हलतच नसेल तर आम्ही जोर केला नाही, वेल्डिंगवाल्याकडून मॅनिफोल्ड तापवून घेतला. नळीला भोक पडलं असेल आणि नवी मिळत नसेल, तर पाइप वाकवून देणारा कारागीर जुन्या नमुन्यावरून करून देतो. जुनी नळी त्याच्या हातात पडेपर्यंत टाकू नका. परत लावताना आट्यांना अँटी-सीझ (नट पुन्हा चिकटू न देणारं मलम) लावा.

ईजीआर

कार्ब्युरेटरजवळ इनटेक मॅनिफोल्डवर उलट्या वाटीसारखा भाग दिसेल, तोच ईजीआर व्हॉल्व्ह. इंजिन गरम करून कुणाला तरी २,००० आरपीएमपर्यंत न्यायला सांगा आणि वाटीखालची दांडी वर सरकते का बघा. मग आयडलवर हातमोजा घालून डायाफ्राम (वाटीतला पडदा) बोटांनी वर उचला. इंजिन लगेच गचके खाऊन बंद पडायला आलं तर उत्तम, वायूची वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर वाट कार्बनने बुजली आहे.

हा फरक नीट ध्यानात घ्या. दांडी हलत नसेल पण हाताने उचलल्यावर इंजिन गचकत असेल, तर दोष व्हॉल्व्हचा नसून त्याला येणाऱ्या व्हॅक्यूमचा आहे. बहुतेक वेळा मधला उष्णतेवर चालणारा स्विच अडकलेला असतो. थंड इंजिनात त्याने व्हॅक्यूम अडवायचा आणि गरम झाल्यावर सोडायचा असतो. हातपंपाने १० इंच व्हॅक्यूम दिल्यावर साधा ईजीआर तो धरून ठेवतो. पण काही ईजीआर एक्झॉस्टच्या दाबावर चालणारे असतात आणि बंद इंजिनात ते मुद्दामच व्हॅक्यूम सोडतात. असे चांगले व्हॉल्व्ह खराब म्हणून फेकले जातात, म्हणून आधी मॅन्युअलमध्ये तुमचा प्रकार बघा.

साफ करताना दोन बोल्ट काढा, लाकडी काडी आणि बारीक तारेने कार्बन खरवडा, व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरा म्हणजे खपल्या इंजिनात पडणार नाहीत. डायाफ्रामला कार्ब्युरेटर क्लीनर लागू देऊ नका. नवा व्हॉल्व्ह घेताना जुन्यावर ठोकलेला क्रमांक जुळवा. दिसायला सारखा असला तरी आतलं माप वेगळं असू शकतं.

वाफांचा डबा, पीसीव्ही आणि बाकीचं

पीसीव्ही, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वाफा परत जाळायला पाठवणारा व्हॉल्व्ह, काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. इंजिन चालू असताना तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. दोन-चार डॉलरची वस्तू आहे, बदलूनच टाका, सोबतचं रबरी ग्रोमेटही. एअर क्लीनरकडे जाणारी कागदी-अ‍ॅल्युमिनियमची गरम हवेची नळी फाटली असेल तर नवी लावा, तंत्रज्ञ ती पाहतोच.

कोळशाचा डबा मात्र निवांत बघा. पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की त्या जाळायला पाठवतो. डबा काढून हातात तोला. आत पेट्रोल डचमळत असेल तर तो निकामी आहे आणि टाकीकडची वाफेची लाइनही तपासावी लागेल. खालचा फोमचा फिल्टर भुगा झालेला असतो, तो वेगळा बदलता येतो. घरात पेट्रोलचा वास येत असेल तर डब्याबरोबर टाकीच्या तोंडाचा जाड रबरी होज आणि जनरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी जरूर बघा. या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

आकडे वाचायला शिका

जड मोटरहोमला बहुधा रोलरवर न चालवता दोन वेगांवर तपासतात, आयडल आणि साधारण २,५०० आरपीएम. आधी अनौपचारिक तपासणी करून मागा. तिचा निकाल नोंदला जात नाही आणि आकडे तुमच्या हातात येतात.

कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण दाट. चोक पूर्ण उघडतो का, एअर फिल्टर काळा आहे का, डब्यातून कच्चं पेट्रोल ओढलं जातंय का, हे बघा. क्वाड्राजेटचा पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट फोमसारख्या पदार्थाचा असतो, तो जुना होऊन पेट्रोल पितो, जड होतो आणि पातळी वाढवतो. आमच्या गाडीत हेच निघालं. हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) जास्त आणि मोनॉक्साइड ठीक असेल तर मिसफायर: प्लग, वायर किंवा कुठेतरी हवा ओढणारी फट. दोन्ही जास्त असतील तर आधी दाटपणा सोडवा. टायमिंग लेबलप्रमाणेच ठेवा, आणि लेबल सांगत असेल तर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून बुजवून मगच मोजा.

भाग मिळतच नाही तेव्हा

त्याच वर्षांच्या ४५४ इंजिनाच्या शेव्हरले पिकअपचे बरेचसे भाग सारखे आहेत, ब्रॅकेट मात्र वेगळे असतात. भंगारातून पंप आणताना ब्रॅकेट आणि पुलीसकट आणा. बाजारातले मूळ भागाच्या जागी तसेच बसणारे भाग चालतात. रचनाच बदलणारा भाग असेल तर कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो, तो विकत घेण्याआधी विचारा.

सगळीकडे शोधूनही मिळालं नाही तर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या व्यवस्थेत स्मॉग चेक रेफरी असतात. भाग खरोखर बाजारात नाही हे सिद्ध झालं तर ते त्या भागापुरती मर्यादित सूट देऊ शकतात. लेबल आणि चासीचं वर्ष यांचा वाद असेल तरी दार त्यांचंच. जाताना दुकानांची नकारपत्रं, क्रमांक, फोटो, सगळं एका फाइलमध्ये न्या. मी गेले होते तेव्हा समोरच्या माणसाने माझ्या चिठ्ठ्या लावलेले फोटो एकेक करून पाहिले आणि नेमके प्रश्न विचारले. उत्पन्न मर्यादेत असेल तर राज्याची दुरुस्तीला मदत करणारी योजनाही आहे, पण अर्ज दुरुस्तीच्या आधी करायचा असतो.

तपासणीच्या दिवशी

आदल्या आठवड्यात तेल बदला, जुनं पेट्रोल संपवून ताजं भरा. त्या दिवशी हायवेवर निदान अर्धा तास चालवून सरळ केंद्रावर जा आणि रांगेत इंजिन बंद करू नका. उंचीची गाडी आत मावते का, हे आधी फोन करून विचारा. डॉगहाऊसचे स्क्रू सैल करून ठेवा, आतला गालिचा बाजूला घ्या, लेबल पुसून स्वच्छ ठेवा. तंत्रज्ञाला सगळं सहज दिसलं की शंका कमी निघतात.

पास झाल्यावर गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवून आणा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका. पंपाची पाती आणि ईजीआरची दांडी न हलता राहिली की अडकतात. उंदरांना नव्या नळ्यांचं रबर आवडतं आणि एअर क्लीनरचं तोंड घरट्याला सोयीचं पडतं. दर वेळी चालू करण्याआधी डॉगहाऊस उघडून टॉर्च फिरवा, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून आवाज ऐका.